उरलेले दात

दंतवैद्याने पकड तबकात आपटली.

“हे दात निरोगी आहेत. कीड नाही, पू नाही. मी काढणार नाही.”

वेड्यांच्या इस्पितळाचे मोठे डॉक्टर जागचे हलले नाहीत. वेडाचं मूळ दातांतल्या विषात असतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि त्यापायी दोन वर्षांत इथली निम्मी माणसं बोळकी झाली होती.

“दिसायला निरोगीच असतात. अकरा काढले, तरी विष उतरलं नाही. म्हणजे ते उरलेल्यांत आहे.”

“सगळे काढूनही नाही उतरलं तर?”

“मग टॉन्सिल. मग आतडी. माझ्याकडचे उपाय संपत नाहीत.”

खुर्चीत एक शाळामास्तरीण होती. एकुलती मुलगी गेल्यावर तिने अंथरूण धरलं, रडणं थांबेना, म्हणून दिराने तिला इथे आणून टाकलं होतं. हात पट्ट्यांनी जखडलेले. ढ पोरांकडे पाहावं तशी ती आळीपाळीने दोघांकडे पाहत होती.

दंतवैद्याने अंगातला अ‍ॅप्रन काढला.

“दुसरा माणूस बघा.”

“कशाला? मीच काढतो. परवा शिंप्याचे काढलेच की.”

त्या शिंप्याचा मोडलेला जबडा अजून फडक्याने बांधलेला होता. दंतवैद्याला ते ठाऊक होतं. तरी तो दाराकडे वळला. आज कितीतरी दिवसांनी त्याला छातीभर श्वास घेता आला.

“ओ दातवाले!” मास्तरीण म्हणाली. पुढचे दात नसल्याने शब्द निसटत होते. “कुठे निघालात?”

“बाई, हे पाप आता माझ्याच्याने होणार नाही.”

“अकरा वेळा झालं की.”

त्याने दाराच्या कडीवर हात ठेवला.

“तुम्ही घरी जाऊन सुखाने झोपाल. इथे माझा जबडा मोडेल. तुमचा हात हलका आहे. पुण्य उद्यापासून कमवा.”

मोठे डॉक्टर बाह्या दुमडता दुमडता थांबले. त्यांचा चेहरा खुलला.

“ऐकलंत? आता रोगी स्वतःच उपचार मागतोय.”

दंतवैद्याला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याने कडीवरचा हात काढला, परत आला आणि भुलीच्या औषधाने सिरिंज काठोकाठ भरली.

“दुखलं तर सांगा,” तो पुटपुटला.

“सांगून काय होणार?” मास्तरीण म्हणाली, आणि तिने आपणहून तोंड उघडलं.