मुनाफच्या नावाचा विमा

सिंदीच्या बाजारात गाद्या भरणारा मुनाफ पिंजारी ऑगस्टातल्या पहिल्या सोमवारी टेम्पोत गादी चढवता चढवता खाली बसला, तो उठलाच नाही. मागे राहिल्या बायको हाजरा आणि बारावी झालेली मुलगी तरन्नुम.

हाजरा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस उंबरठा ओलांडायचा नव्हता. आठव्या दिवशी शेजारची रक्षा आली. ती गल्लीत बँकेचं सेवा केंद्र चालवायची. मुनाफचं जुनं पासबुक उलटवत म्हणाली, "भाबी, भाईच्या खात्यातून विम्याचे पैसे कटून राह्यले होते. तुमाले दोन लाख भेटतीन."

हाजरानं पासबुक तिच्या हातून घेऊन मिटलं. मुनाफ घरात विम्याचं नाव काढू देत नसे. "मरनावर लावलेला जुगार हाय तो," म्हणायचा. खातं उघडताना कोणत्या कागदावर सही केली, हे त्यालाही ठाऊक नसावं.

पण तरन्नुमचं वर्ध्याच्या नर्सिंग कॉलेजात नाव लागलं होतं. बाप गेल्याचं ऐकून कॉलेजनं फी डिसेंबरपर्यंत थांबवली होती.

हाजरानं मशिदीच्या हाफिजसाहेबांना निरोप धाडला. म्हातारा भला माणूस. पडद्याबाहेर खुर्चीवर बसून त्यांनी हळू आवाजात समजावलं, "हप्त्याचं भरलं तेवढं आपलं, बेटी. वरच्यात ब्याज असते, ते आपल्याले हराम. ते हाती आलंच, तर सवाबाची, पुण्याची आशा न धरता गरिबाले देऊन टाकजो."

पडद्यामागून हाजरा म्हणाली, "हाफिजसाब, गरीब म्हंजे कोन? मी नाई चालत का?"

हाफिजसाहेब म्हणाले, "मजबुरीत कोनी जानकार आलिम मुभा देतेत, कोनी नाई देत. मी लहान मानूस. नागपूरच्या मुफ्तीसाहेबाले लिहून विचारतो."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वारस खरोखर गरजू असेल तर वापरू शकतो, पण टाळता आलं तर टाळावं. त्यातला 'पण' हाजराच्या कानातून जाईना. आपण पैसा घ्यायचा आणि अल्लापुढं हिशेब मुनाफला द्यावा लागायचा, ही भीती तिला खात होती. एक दिवस तरन्नुम म्हणाली, "अम्मी, मले नाई शिकायचं." ते ऐकलं आणि हाजरानं ठरवून टाकलं. गुनाह असला तर माझ्या मानेवर.

इद्दत संपली. बुरखा घालून ती रक्षासोबत बँकेत गेली. साहेबांनी कॉम्प्युटर पाहिला, मग कपाटातली एक फाईल काढली.

"हा विमा बंद आहे. यांनीच अर्ज दिला होता, मे महिन्यात. यंदाचा हप्ता कापलाच नाही."

मुनाफचंच वाकडंतिकडं अक्षर. 'माझ्या धर्मात बसत नाही, मेहरबानी करून बंद करावे.' खाली सही.

"अर्ज दिला तं घरच्याइले काऊन नाई सांगितलं?" रक्षा साहेबांवरच चिडली. हाजरानं तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. जे घ्यायला तिनं एवढं मन मारलं, ते तिचं कधी नव्हतंच. आणि रागवावं तर ज्याच्यावर रागवायचं, तो कब्रीत.

घराच्या दारात तरन्नुम उभी होती. "झालं का, अम्मी?"

"तुह्या अब्बानं पयलेच नाई म्हनून ठेवलं, बेटा."

दुसऱ्या आठवड्यापासून तरन्नुम जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जाऊ लागली.

जुम्म्याच्या नमाजानंतर हाफिजसाहेब येऊन गेले. म्हणाले, "अल्लानं तुले गुनाहातून वाचवलं, बेटी."

"हो," हाजरा म्हणाली. दुसरं ती काय म्हणणार होती?