असोद्याचं तिखट

प्रेमराजच्या पोटात जखम निघाली, तेव्हापासून त्याच्या बायकोला, भाविकाला, सासरच्या शेगडीला हात लावायची बंदी होती. त्या दिवाळीत तिनं माहेराहून, असोद्याहून आलेल्या वांग्यांचं भरीत केलं होतं. हिरव्या मिरच्या ठेचून घातल्या, साऱ्या घरानं बोटं चाटून खाल्लं आणि पहाटे प्रेमराजला रक्ताची उलटी झाली. झालं! डॉक्टरच्या आधी सासूनं, भागाबाईनं निदान करून टाकलं. "असोदानं तिखट मन्हा पोरले खाई गयं!"

मग भाविकानं पीठ मळावं, भाजी निवडावी, भांडी घासावी. शेगडी पेटवायची ती भागाबाईनंच. धुळ्याजवळच्या त्या गावात भाविका लग्नकार्याला गेली की बाया तिच्याकडे बोट करून कुजबुजत. वर्षानुवर्षं प्रेमराज नुसत्या वरणभातावर राहिला, तरी दुखणं तसूभर हललं नाही. मिरची बंद झाली तरी पोट का दुखतं, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडेल तर शपथ!

अखेर जळगावच्या एका दवाखान्यात दाखवलं. तिथली डॉक्टरीण पोटात जखमा असलेल्यांच्या सगळ्या घरादाराचीच तपासणी करत होती. तिघांच्याही पोटात दुर्बीण घातली. भागाबाई तर हौसेनं गेली. तिच्याही पोटात जळजळ व्हायची आणि तीही सुनेच्याच खाती जमा करायची होती. निकाल ऐकायला मात्र नवरा-बायकोच गेले. त्यांची दोन वर्षांची लेक राही आजीपाशी राहिली.

"जंतू तिघांच्याही पोटात आहे," डॉक्टरीण म्हणाली. "आपल्याकडे तो खूप जणांच्या पोटात असतो, आणि बहुतेकांना काही होत नाही. पण सगळे जंतू सारखे नसतात. आम्ही त्यांची जनुकं तपासली. यांच्या जंतूत पोटाला इजा करणारं जनुक आहे. ताई, तुमच्या जंतूत ते नाहीच."

"आणि मिरची?" भाविकानं घाईनं विचारलं.

"मिरचीनं झोंबतं. ही जखम जंतूची आहे." मग ती प्रेमराजकडे वळली. "तुमचा आणि आईंचा जंतू एकाच वाणाचा आहे. असा जंतू बहुधा लहानपणी घरातूनच येतो."

"मी लहानपणी फार अशक्त होतो," प्रेमराज कौतुकानं म्हणाला. "आई भाकर चावून भरवायची, म्हणून तर जगलो." बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"त्यांचा दोष नाही हो, त्यांना काय माहीत! आता तिघांनीही गोळ्या घ्या, मधेच सोडू नका. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला चावलेला घास देऊ नका."

भाविकाला एकीकडे दवाखान्यातच मोठ्यानं हसावंसं वाटलं. निर्दोष! मिरची निर्दोष, असोदा निर्दोष, तिचा हात निर्दोष! आणि दुसरीकडे कधी एकदा घरी पोचते असं झालं, कारण राहीला दात आले तरी भागाबाई अजून तसंच भरवत होती.

पारोळा मागं पडल्यावर बसमध्ये प्रेमराजनं तोंड उघडलं. "मायले सांगू नको. तिनं काळीज फुटी जाई. इतला दिन सोसं ना तू, आखो थोडं सोस."

भाविकाचं अंग रागानं पेटलं. आईचं काळीज तेवढं काळीज, आणि बायकोचं काय दगड? पण घरी पोचेपर्यंत ह्याला लाज वाटेल, अशी तिला वेडी आशा होती.

ओसरीवर भागाबाई राहीला मांडीवर घेऊन भरवत बसली होती. शेजारची ताईबाईही होती.

"काय सांगं डाक्टरनी?" भागाबाईनं विचारलं.

"तिखट बंद कर सांगं," प्रेमराज म्हणाला. "दुसरं काई नही."

"देख व ताईबाई, मी काय सांगस?" भागाबाईनं विजयानं मान हलवली, भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि राहीसाठी चावायला लागली.

"आई, थांबा!" भाविका ओरडली. "मिरचीनं काई नही व्हयनं. तुमना पोटमा जो जंतू शे, तोच यास्ना पोटमा शे. तुमले बी गोळ्या लेनी शेतस. पोरले चावेल घास देऊ नका."

भागाबाईचं चावणं थांबलं. तिनं लेकाकडे पाहिलं. "मन्हा तोंडना घासवर तू वाचना. आनि मीच तुले जहर दिधं? असं सांगं डाक्टरनी?"

प्रेमराज बूट काढत होता. त्यानं मान वर केली नाही. "डाक्टरनी असं काई सांगं नही."

"अशी बोलस व्हय सून!" ताईबाईनं तोंडाला पदर लावला. भागाबाईनं भाविकाच्या डोळ्यांत डोळे घालून तोंडातला घास बोटांवर घेतला आणि राहीच्या तोंडात घातला.

भाविकानं झडप घालून पोरीला ओढलं, तिच्या तोंडात बोट घातलं आणि घास काढून अंगणात फेकला. राहीनं टाहो फोडला. ताईबाई गाव गोळा करायला उठलीच. आता ह्या घरातली शेगडी आपल्याला जन्मात मिळणार नाही, हे भाविकाला कळून चुकलं. तिनं रडणाऱ्या पोरीचं तोंड पुन्हा उघडलं, आणि गालाच्या कोपऱ्यात कण राहिलाय का, ते बोट फिरवून पाहिलं.