खोडलेलं नाव

दुर्गेशची नोकरी वेबसाइट तपासायची. प्रताप नगरातल्या त्याच्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं आणि काम आणखी सोपं झालं. आपण एकदा साइटवर खरेदी करून दाखवायची. ते मुकाट्याने बघतं आणि मग रोज सकाळी हुबेहूब तेच करतं. स्वतःची अक्कल लावत नाही. दुर्गेशला हा गुण फार आवडला.

इतवारीतल्या एका मिठाईवाल्याच्या नव्या साइटवर त्याने संत्रा बर्फी मागवून दाखवली. पत्ता टाकताना त्याला एकच तोंडपाठ पत्ता आठवला, हिमानीच्या घरचा. स्वतःच्या खोलीचा पिनकोड त्याला अजून शोधावा लागे. हिमानीशी लग्न करायचं त्याचं ठरलं होतं, तिचंही ठरलं होतं. फक्त तिच्या वडिलांना, कवडूजींना, विचारायचं राहिलं होतं. ते दिवाळीपासून राहतच होतं.

पुढे साइट लोकांसाठी सुरू झाली आणि ते सॉफ्टवेअर बंद करायचं दुर्गेश विसरला. चाचणीसाठी बिल माफ करणारं कूपनही तसंच राहिलं. कवडूजींच्या दारात रोज बर्फीचा डबा येऊ लागला.

एका दुपारी कवडूजी रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन ऑफिसात हजर झाले. मिठाईवाल्याने त्यांना इकडे पिटाळलं होतं.

"डब्यावर चाचणी ग्राहक लिहून येऊन राहिलं," ते म्हणाले. "आमच्या घरी या नावाचं कोणी नाही."

ऑफिसचे मालक ओमप्रकाशजींनी दुर्गेशला बोलावलं. "कसं झालं ते दाखव यांना."

नाही म्हणायला दुर्गेशला कारण सुचेना. त्याने सॉफ्टवेअर चालू केलं.

पडद्यावरचा बाण आपसूक फिरला. बर्फी निवडली गेली. नावाच्या चौकटीत 'हिमानी' उमटलं आणि एकेक अक्षर करत पुसलं गेलं. जरा थांबून पुन्हा 'हिमानी'. तेही पुसलं गेलं. मग 'चाचणी ग्राहक'. खालचा पत्ता मात्र एका दमात, 'मारुतीच्या देवळामागे' सकट.

ओमप्रकाशजी चहा सांगायला म्हणून उठून गेले.

"परत लाव," कवडूजी म्हणाले.

दुर्गेशने परत लावलं. सॉफ्टवेअरने काहीही वगळलं नाही. लाजेने त्याचे कान तापले.

कवडूजींनी चष्मा काढून पुसला. "नाव लिहून खोडून काहून टाकलं गा?"

"हिंमत झाली नाही, काकाजी."

"मंग रविवारी ये घरी, मायबापाले घेऊन." त्यांनी पिशवी उचलली. "अन् बर्फी आणू नको. आत्ताच दोनदा मागवली तू."