शाळेपर्यंत गाडी

सेल्सोकाकांनी गाडी अशी बांधली होती की चक्रीवादळ सोडाच, खुद्द मालकीण आली तरी ती जागची हलली नसती.

सोइला खांबांवरच्या घराखाली उभी राहून बघत राहिली. गोल्फ कार्टला पुढून दोन आणि मागून दोन असे बोटीच्या नांगराचे जाड दोर लावून ते घराच्या खांबांना बांधले होते. दोरांना मुद्दाम ढील ठेवलेली, म्हणजे पाणी चढलं की गाडी तरंगावी. पावसाचे पडदे काढलेले. सीट उचलून पाहिली तर खालचा बॅटऱ्यांचा खण मोकळा.

"बॅटऱ्या कुठायत, काका?"

"माळ्यावर. कप्पी लावून चढवल्या. एकट्यानं, या वयात." काका शाबासकीसाठी थांबले.

सोइलानं चष्मा काढून पुसला. बेलीझ सिटीच्या कॉलेजात मुलांचे पेपर तपासताना आवाज चढू नये म्हणून ती हेच करायची.

"काका, ही बोट नाहीये."

"वाचवायची रीत तीच की. इंजिन वर, दोर सैल. तुझ्या बाबानं आणि मी एवढी वादळं काढली, एक बोट घालवली नाही."

"बोट वाचवायची असते. गाडी वापरायची असते! वादळाचा बावटा लागला की आईनं हिच्यात बसून शाळेच्या पक्क्या इमारतीत जायचंय. तुमच्या बंदोबस्तात गाडी वाचेल आणि आई जाईल."

"भरल्या घरात असलं बोलू नये," वरून आईचा आवाज आला. "आणि सेल्सोला चहा विचारलास का?"

सोइलाला वाटलं, आत्ताच्या आत्ता धक्क्यावर जावं आणि मिळेल त्या बोटीत बसावं.

बाबा मार्चमध्ये गेले. तेव्हापासून मायलेकींचा एकच वाद चालू होता. आईचे, म्हणजे निंफाबाईंचे, गुडघे गेलेले, घर बेटाच्या पार उत्तर टोकाला, आणि वादळाच्या वेळी सेल्सोकाका आपली बोट घेऊन तिवरांच्या आडोशाला शिरलेले असणार. ते कुणासाठी थांबायचे नाहीत. भावासाठीसुद्धा कधी थांबले नव्हते. शेवटी सोइलानं अट घातली होती. आई स्वतः गाडी चालवत शाळेपर्यंत पोचली, तर तिनं खुशाल आपल्या घरात राहावं. नाही पोचली, तर वादळांचा मोसमभर, जून ते नोव्हेंबर, बेलीझ सिटीत, सोइलाच्या फ्लॅटवर. आई "बरं" म्हणाली होती. आईचं "बरं" म्हणजे काय, हे सोइलाला कळत होतं, तरी तिनं ते धरून ठेवलं होतं.

बॅटऱ्या पुन्हा खाली आल्या. काका प्रत्येक बॅटरीमागे "मी सांगून ठेवतो, हे चुकतंय" असं म्हणत कप्पीचा दोर सोडत होते. सोइलानं टोकांवरचा हिरवा-पांढरा थर सोड्याच्या पाण्यानं घासून काढला, तारा जोडल्या आणि व्हॅसलिनची डबी उघडली. आत बाबांच्या बोटाचा खोलगट ओरखडा तसाच होता. तिनं दुसऱ्या कडेनं घेतलं.

"वरून ताडपत्री टाक गं," आई जिन्यावरून एकेक पायरी आडवी उतरत म्हणाली. "टप गंजतो."

"ताडपत्रीत वारा भरला की शीड होतं, आई. गाडी थेट मेक्सिकोला जाईल."

"बघ, आता तूच बोट म्हणतेयस," काका खूश होऊन म्हणाले.

सोइलानं त्यांच्या हातात चहाचा कप दिला, निदान तेवढा वेळ तरी तोंड बंद राहील म्हणून.

चार्जिंग पुरं झालं तेव्हा ऊन कललं होतं. आई चालकाच्या जागी बसली. जुन्या जाळ्याची दोरी गुंडाळलेलं ते स्टिअरिंग तिनं दोन्ही हातांनी असं धरलं, जणू कुणी हिसकावून नेणार होतं.

"लायसन्स नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

"वादळ विचारत नाही. चल."

चालवायला ती बरी होती. सावकाश, पण बरी. खड्डे टाळत होती, कुत्र्यांना शिव्या देत होती. फक्त शाळेचं वळण आलं आणि ती सरळ पुढे निघून गेली.

"आई! वळण!"

"कुठलं?"

"गेलं ते!"

आईनं गाडी थांबवली, मान मागे वळवली. "हे काय, इथंच तर आहे. ती बघ कोन्सेप्सियोनच्या बेकरीची निळी खिडकी."

"मग वळली का नाहीस?"

"आधी दिसली नाही ना."

दुसऱ्या खेपेलाही तेच. आई वळणापुढे गेली, थांबली, मागे पाहून म्हणाली, "हं, हेच." सोइलाचा संयम संपला.

"आई, तू या रस्त्यानं जन्मभर जातेस. मुद्दाम करतेयस का?"

"मुद्दाम कशाला करू? मला तर इथंच राहायचंय." आई चिडली. "मी जाते, पण मागच्या सीटवर बसून. तुझ्या बाबाच्या शेजारी बर्फाची पेटी असायची. मासेमारी सुटली तरी पेटी काही सुटली नाही त्याची. मी पाठमोरी. निळी खिडकी लांब जाताना दिसली की समजायचं, वळलो. पुढून हा रस्ता पाहिलाय कोणी?"

इतकी वर्षं आईबाबा एकाच गाडीतून, एकमेकांकडे पाठ करून गावभर फिरले होते, आणि सोइलाला त्यात कधी काही वेगळं दिसलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला आई पुन्हा वळणापुढे गेली. थांबली. मागे पाहिलं. आणि तिनं पुढं-मागं जायचं बटण उलटं केलं. गाडी पीं-पीं करत मागे सरकली, बेकरीला वळसा घालून पाठीमागूनच गल्लीत शिरली आणि तशीच चालत राहिली.

"आई, काय करतेयस?"

"बोलू नकोस. मान अवघडेल माझी."

खिडकीतून कोन्सेप्सियोन ओरडली, "निंफाबाई, पुढं जायचं विसरलात का?"

"तुझे पाव करपतायत, तिकडं बघ आधी!"

दोन पर्यटक सायकली बाजूला घेऊन उभे राहिले. सोइला समोर बघत बसली, म्हणजे खरं तर मागे, आणि आपल्याला इथं कोणी ओळखत नसतं तर किती बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. गाडी शाळेच्या पायरीला टेकली तेव्हा पीं-पीं थांबलं.

"पोचले," आई म्हणाली.

"हे चालवणं नाही, आई."

"तू पोच म्हणालीस. तोंड कुठं करून ते नव्हतीस म्हणाली."

आईनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मग मान तशीच मागे, शाळेच्या भिंतीकडे ठेवून तिनं हळू विचारलं, "मग... राहू ना मी?"

आईनं आजवर तिला कसलीही परवानगी विचारली नव्हती. सोइलाला आपल्या फ्लॅटमधली ती खोली आठवली. नवे पडदे लावून झाले होते, पलंग खिडकीशी सरकवून झाला होता, आणि हे तिनं आईला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं असतं तर आई आली असती. वाद घातला असता, पण आली असती.

"राहा," ती म्हणाली.

आईनं नुसती मान हलवली.

"पण उद्या पुन्हा यायचं. सरळ. आणि परवाही. तुला पुढून दिसेपर्यंत."

"उद्या तुझी बोट आहे ना?"

"बोट रोज असते."

"कॉलेजला काय सांगशील?"

"ते मी बघते. तू निघ आता, काका एव्हाना बॅटऱ्यांच्या काळजीनं आडवे झाले असतील."

आई सावरून बसली, पदर खोचावा तसा झग्याचा घोळ मांडीखाली दाबला आणि पेडलवर पाय ठेवला.

"आई, थांब, थांब! आधी ते बटण पुढं कर."