पुढे होणाऱ्यांना वंदन

आमच्या सासूबाईंसमोर बुद्धाकडे काही मागायची कोणाची बिशाद नाही. उंद्रीच्या विहारात पौर्णिमेची वंदना त्याच घेतात. एखादीने हात जोडून पोराच्या नोकरीचं पुटपुटलं, की मेणबत्ती लावता लावता त्या ऐकवतात, "बुद्धानं काय दुकान मांडलं हाये? वाट दाखवली त्यायनं. चालाचं आपल्याले हाये."

मला ते पटतं. पण सातवा महिना लागला आणि पटलेलं सगळं डळमळलं. मागच्या वेळी सातव्यातच बाळ पोटातच गेलं होतं. शिवून ठेवलेली दुपटी नवऱ्याने, धम्मदीपने, कुठे नेऊन दिली, मी विचारलंही नाही. यंदा मी एक टाकासुद्धा घातला नव्हता. भीती वाटत होती, सरळ सांगते.

माघ पौर्णिमेला दिवेलागणीलाच वीज गेली. विहारात मेणबत्त्यांचा उजेड, उदबत्तीचा धूर आणि खिडकीतून येणारा हरभऱ्याचा आंबूस वास. मी भिंतीला टेकून बसले. आज चोरून मागायचंच, असं ठरवून आले होते. एवढं एक जगू दे, बस.

वंदनेत आधी होऊन गेलेल्या बुद्धांना नमन असतं, मग पुढे होणाऱ्यांना. होऊन गेलेल्यांचं सुरू झालं आणि माझा डोळा लागला असावा. समोरची भिंत धुरात विरून गेली. पलीकडच्या शेतातून ते होऊन गेलेले सगळे बुद्ध येऊ लागले, अनवाणी, हरभऱ्याचं एक पानही न मोडता. येऊन बायकांच्या मधेमधे बसले. मी मागायला तोंड उघडलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. पाहुणा यायचा असला की घरची माणसं दाराकडे बघतात ना, तसे.

एकदम शांत झालं, म्हणून मी जागी झाले. पुढे होणाऱ्या बुद्धांच्या ओळीपाशी सासूबाई अडल्या होत्या. कधी न अडणारी बाई. त्या मूर्तीकडून वळल्या, माझ्यापुढे गुडघे टेकले, माझ्या पोटासमोर हात जोडले आणि कपाळ फरशीला लावून ती ओळ पुरी केली. बाकीच्या बायकाही माझ्याकडे वळून वाकल्या. माझं मागणं राहूनच गेलं.

परतताना मी त्यांना चिडवलं, "आई, आज तुमी मांगलंच न?"

"मांगू काऊन? पुढं होनारा कोनाच्या घरी येईन, कोनाले ठावं? नमस्कार करून ठेवला." थोडं चालून त्या थांबल्या. "मांगच्याले कराचा राहून गेला माह्याकडून."

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी तशाच घरापर्यंत आलो, रडत.

घरी येताच त्यांनी विहारात नेसायचं पांढरं लुगडं बदललं आणि घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं.

"धुऊन धुऊन नरम झालं हाये. याचं दुपटं शिव."

"पुढच्या पौर्निमेले काय नेसान?"

"तुह्यं एखादं दे."

वीज अजून आली नव्हती. मी मेणबत्ती जवळ ओढली आणि सुई ओवायला घेतली.