बाबांच्या खुर्चीसमोरचा कप

बाबा पहाटे गेले. दफन सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं होतं, आणि आईची कबर लष्कराने आमच्या गावातून घातलेल्या भिंतीपलीकडे. तिथलं फाटक फक्त जैतुनाची फळं तोडायच्या हंगामात उघडतं. मी लष्कराकडे परवानगी मागितली होती. दुपार झाली तरी फोन वाजला नव्हता.

मुन्झिरकाका, बाबांचे धाकटे भाऊ, समोर येऊन बसले. मी कडू कॉफी दिली. त्यांनी कप घेतला आणि न पिता खाली ठेवला.

आमच्यात मागणं घेऊन आलेला माणूस असाच कप ठेवतो; यजमानाने हो म्हटल्याशिवाय ओठाला लावत नाही. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या घरी असे कप ठेवून वैरं मिटवली होती.

"काका, माझ्यावर हा डाव नको."

"त्याच्याकडूनच शिकलोय, रुवैदा. त्याला इथल्या नव्या कब्रस्तानात नेऊ या."

"आईशेजारी नेईन असा शब्द दिलाय मी त्यांना."

"दिलास खरा. फाटकाची किल्ली काय तुझ्या ओढणीला बांधलीय?" मग त्यांचा आवाज उतरला. "पोरी, ऊन कललंय. त्याला तिष्ठत ठेवू नकोस."

खिडकीतून भिंत दिसत होती. शेजारी एकदा बाबांना म्हणाले होते, "या भिंतीपुढे ठेवा की एक कप!" बाबा हसले होते. "ठेवला असता. पण भिंत घालणारे म्हणतात यजमान आम्ही, आपण म्हणतो यजमान आपण. पाहुणा व्हायचं कुणी?"

फोन गप्पच होता.

"प्या, काका," मी म्हटलं.

गार झालेली कॉफी त्यांनी एका घोटात संपवली आणि रडू लागले.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला माणसं आली, गेली. सगळे कप विसळून मी पालथे घातले. वळले, तर बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर एक कप. तळाशी घोटभर कॉफी, पाहुण्याला देतात तेवढीच.

"आत्या, हा कुणाचा?"

"मी नाही बाई भरला. त्या खुर्चीत बसायची छाती कुणाची?"

मी बोट बुडवलं. कॉफी केव्हाच निवली होती.

मागणं काय, ते मला ठाऊक होतं: आईशेजारची जागा. 'प्या, बाबा' म्हणणं म्हणजे पुन्हा शब्द देणं, आणि एक शब्द तर कालच मातीत गेला होता. ओतून टाकणं म्हणजे नकार.

आत्याने कपाकडे हात नेला.

"राहू दे," मी म्हटलं. "मी अजून उत्तर दिलेलं नाही."