उत्तर आधी येतं

कुणी म्हणजे कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मी नागव्वा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकर आहे. घरधनी गेल्यापासून याच टेबलापाशी उभी राहून दोन पोरी वाढवल्या, आणि खोटं बोलायची मला सवय नाही, कारण खोटं लक्षात ठेवायला जेवढं डोकं लागतं तेवढं चौथीपर्यंत शिकवत नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रत्येक टेबलावर एक टॅब आला. सकाळी आपलं नाव आणि गुप्त शब्द टाकायचा, मग तो आत घेणार. टॉवेल उलटसुलट बघायचा, 'पास' दाबायचं, की त्या टॉवेलवर कायमचं आपलं नाव. शिलाईत मोडलेल्या सुईचा तुकडा काठात राहून गेला, तर ज्या बाईचं नाव ती त्याच दिवशी घरी. मी शब्द म्हणून माहेरच्या म्हशीचं नाव टाकलं होतं.

एका सकाळी टॅब म्हणाला, 'तुम्ही आधीच आत आहात.'

सुपरवायझर दाक्षायणी मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नागव्वाबाई, सांगितला असेल शब्द कुणाला तरी."

"माझ्या म्हशीचं नाव विचारत कोण येतंय वो?"

शेजारच्या टेबलाची अंबुबाई पदरात तोंड घालून हसली. मॅडम हसल्या नाहीत.

नेटवर्कचं बघणारे इंजिनियर शिवकुमार आले आणि माझ्यासमोर स्क्रीन उघडून बसले. "अक्का, तुमचा टॅब सर्व्हरकडं पाकीट धाडतो. पहिल्या घरात पाकिटाची जात. एक म्हणजे 'येऊ का', दोन म्हणजे 'ये', तीन म्हणजे 'नको'. दुसऱ्या घरात नंबर. ज्या नंबरानं विचारलं त्याच नंबरानं उत्तर येतं, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याला जायला नको." बोलता बोलता ते थांबले.

"काय झालं?"

"हे 'ये' तुमच्याच सवालाचं हाय. गेलंय मात्र शेवटच्या टेबलाला." त्यांनी पुन्हा वर-खाली बघितलं. "आणि तुमी विचारायच्या आधीच गेलंय."

"घड्याळ बिघडलं असंल की."

"तसंच म्हणायचं," ते म्हणाले, आणि पंखा डोक्यावर असून तोंड पुसलं. मग तिकडच्या टॅबची जोडणी तोडून त्यांनी मला आत घेतलं.

शेवटचं टेबल भिंतीकडचं. तिथं कुणी उभं राहत नव्हतं, नुसता जादा टॅब पडून असायचा. त्या संध्याकाळी तिथं तपासलेल्या टॉवेलांची थप्पी दिसली, आणि प्रत्येकाचा डावा कोपरा आत दुमडलेला. ही माझीच खोड आहे. तिच्यावरून मी कितीदा बोलणी खाल्लीत.

पुढं रोज सकाळी तेच होऊ लागलं. एकदा मी येऊन पिशवी खाली ठेवते तोच अंबुबाई म्हणाली, "परत आलीस व्हय? आत्ता तर चहा पिऊन गेलीस की. बोललीस तरी केवढं!"

"काय बोलले गं मी?"

ती माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तशी बघत राहिली. "तुजं तुलाच ठावं न्हाय?"

शिवकुमार म्हणाले, जगात कुणाला सुचणार नाही असा नवा शब्द टाका. मी घरधन्याचं नाव टाकायचं ठरवलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या हापिसातसुद्धा मी ते पोरीला सांगायला लावलं होतं, आणि ते गेल्यावरही माझ्या ओठांनी ते कधी उच्चारलं नाही. एकेक अक्षर दाबत गेले. शेवटचं अक्षर राहिलं असताना तिकडं भिंतीकडचा टॅब वाजला.

सगळ्या बायका वळल्या, पण माझ्याकडं नाही.

"अगं बया," अंबुबाई त्या टेबलाकडं बघत म्हणाली, "धन्याचं नाव घेतलंस? तेबी असं मोठ्यांदा?"

माझं तोंड मिटलेलं होतं.

त्यानंतर टॅबनं मला कधीच आत घेतलं नाही. शिवकुमारांनी तिकडचा तोडला तरी इकडं 'नको'च यायचं. मॅडम म्हणाल्या, चौकशीचा निकाल लागेपर्यंत बाहेर थांबा. मी रोज गेटाबाहेरच्या बाकावर उन्हात बसून राहायची, निदान मी इथं आहे एवढं तरी सगळ्यांना दिसावं म्हणून. जाता-येता बायका रामराम करायच्या, तेही हळूहळू थांबलं.

मग परगावाहून एक टॉवेल परत आला. त्याच्या काठातलं सुईचं टोक एका लहान लेकराच्या गालात घुसलं होतं.

'पास'पुढं नाव माझंच होतं. आम्हाला सगळ्यांना आत बोलावलं. "मी बाकावर होते मॅडम, तुमी सोता बघत होता की!" मी ओरडले. मॅडमनी टॉवेल टेबलावर पसरला. डाव्या कोपऱ्यावर घडीची रेघ अजून होती. पोरींची शपथ घालून मी अंबुबाईकडं वळले, जिच्या डब्यातलं लोणचं मी इतकी वर्षं खाल्लं.

"अंबुबाई," मॅडमनी विचारलं, "हा टॉवेल कुणी पास केला? डोळ्यांनी बघितलं असेल तेच सांगा."

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती भिंतीकडच्या त्या रिकाम्या टेबलाकडं बघत होती, समोर उभ्या असलेल्या माणसाची माफी मागावी तशी तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "नागव्वा."